मुलांचं स्टॉप मोशन वर्कशॉप, दांडिया बाजार, बडोदा : पैसे वसूल, पण बॅच जरा जास्तच भरलेली

ज्यांना अख्खं वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. स्टॉप मोशन म्हणजे वस्तू थोडी थोडी सरकवत एकेक फोटो काढायचा आणि ते सगळे भराभर चालवून हलती फिल्म करायची. मूल दहाच्या पुढचं असेल आणि हातानं काहीतरी करत बसायची थोडीफार आवड असेल तर बिनधास्त पाठवा, पैसे फुकट जाणार नाहीत. सात-आठ वर्षांचं असेल तर अजून एखाद-दोन सुट्ट्या जाऊ द्या, नाहीतर ते तिथे रडकुंडीला येईल आणि घरी आल्यावर तुम्ही. फी १८०० रुपये, चार दिवस, सकाळी नऊ ते साडेबारा, सामान त्यांचं, फोन आपला. बाकी काय आवडलं आणि कुठे डोकं फिरलं ते खाली लिहिलंय, लांब झालंय, चहा घेऊन बसा.

नाव टाकत नाहीये. एक तर ह्या दादाच्या क्लासला पाटीच नाही, दर सुट्टीत जागा बदलते, सगळा कारभार व्हॉट्सॲपवर, आणि दुसरं म्हणजे खाली दोन-चार तक्रारी पण लिहिल्यात आणि एकट्याच्या जिवावर काहीतरी चांगलं करणाऱ्या पोराला नाव घेऊन झोडपणं मला बरं वाटत नाही. बडोद्यातल्या मराठी आयांच्या ग्रुपवर जे आहेत त्यांना बरोबर कळेल कोण ते. फाइन आर्ट्सचा पासआउट आहे, घर मराठी, पण मुलांशी गुजराती-हिंदी-मराठी तिन्ही एकाच वाक्यात बोलतो, म्हणजे अगदी आपल्यासारखंच.

आमच्याकडून दोघं गेले होते, माझी मुलगी, ती आता सातवीत जाईल, आणि पुण्याहून सुट्टीला आलेला भाचा, तो नववीत जाईल आणि त्याला सगळं आधीपासूनच येतं. "आत्या, हे तर ॲपनी दोन मिनिटात होतं, त्याला काय क्लास लावायचा" हे वाक्य मी फी भरायच्या आधीच ऐकलं होतं. मलाही मनातून शंका होतीच, कारण सुट्टीतले हे क्लास बरेचदा कसे असतात माहितीये ना, मुलांच्या हातात तयार गोष्ट द्यायची, बटण दाबायला लावायचं, शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. मागे एका ठिकाणी असंच झालं होतं, तिथलं रोबोटचं खेळणं आमच्याकडे माळ्यावर पडलंय.

तर इथे पहिल्या दिवशी फोनच नाही. म्हणजे खरंच नाही, दारातच एक मोठा स्टीलचा डबा ठेवलेला, सगळ्यांचे फोन त्यात, वर झाकण. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा होता. मग प्रत्येकाला एक चिकटणाऱ्या पिवळ्या कागदांचा छोटा गठ्ठा आणि पेन्सिल, आणि करायचं काय तर चेंडू वरून खाली पडतो आणि टप्पा खाऊन वर जातो एवढंच, पानापानावर काढायचं आणि मग अंगठ्यानं फर्रकन पानं सोडायची. आपण सगळ्यांनी वहीच्या कोपऱ्यात हे उद्योग केलेत, नवीन काही नाही. पण दादानं गंमत अशी केली की आधी सगळ्यांना मनाला येईल तसं काढू दिलं, आणि मग विचारलं की तुमचा चेंडू फुग्यासारखा का तरंगतोय. कारण सगळ्यांनी प्रत्येक पानावर चेंडू सारख्याच अंतरानं खाली आणला होता. मग त्यानं आलेखाच्या कागदावर टिंबं काढून दाखवली, वर जवळजवळ, खाली येताना लांबलांब, टप्पा खाल्ला की परत लांब आणि वर पोचता पोचता पुन्हा जवळजवळ. तेवढं बदललं आणि तोच चेंडू खरा पडायला लागला. माझी मुलगी घरी येऊन मला हे इतक्या वेळा समजावत होती की मला आता भाजी चिरताना पण टिंबं दिसतात.

मला ह्या वर्कशॉपबद्दल जे मनापासून आवडलं ते हेच. ह्यात चित्र चांगलं येणं फार महत्त्वाचं नाही, दोन चित्रांच्या मधलं अंतर महत्त्वाचं, आणि हे मुलांच्या हाताला समजलं पाहिजे, तोंडानं सांगून उपयोग नाही. ज्यांची ड्रॉइंग चांगली ती मुलं पहिल्या तासाला फुशारत होती आणि बारापर्यंत एक अगदी वेड्यावाकड्या रेघा काढणारा मुलगा सगळ्यांच्या पुढे गेला, कारण त्याला वेळेचा अंदाज होता. तबला शिकतो म्हणे. त्याची आई माझ्या शेजारीच बसली होती, तिचा आनंद काय सांगू.

वेळेचं गणितही त्यानं असंच खेळवत शिकवलं. एका सेकंदाला १२ फोटो धरायचे. सिनेमा २४ चा असतो पण एकच फोटो दोनदा वापरला की १२ मध्ये भागतं आणि डोळ्याला चालतंय असंच वाटतं. मग एका मुलीला भिंतीपासून दारापर्यंत चालायला लावलं, एकानं घड्याळ धरलं, तीन सेकंद लागले, म्हणजे ३६ फोटो. मग तिलाच सांगितलं आता म्हातारीसारखी चाल, आता बस चुकतेय तशी पळ, आणि प्रत्येक वेळी फोटो किती ते मुलांनी ओरडून सांगायचं. गुणाकाराला तोंड वाकडं करणारी आमची कन्या ओरडण्यात पहिली. कुणीतरी हिशोब काढला की एका मिनिटाच्या फिल्मला ७२० फोटो, आणि हॉलमध्ये एकदम शांतता झाली, तेव्हा दादा म्हणाला मोठमोठ्या स्टुडिओत सुद्धा एक माणूस दिवसभर राबून काही सेकंदच काढतो, तुम्ही दहा सेकंद काढलेत तरी राजे.

मग आल्या काड्या. काडेपेटीतल्या काड्या, पण गुल आधीच कापून टाकलेल्या (आई लोकांनी लगेच नोंद घेतली, बरं वाटलं). पाच-सहा काड्यांचा माणूस करायचा आणि त्याला काहीतरी करायला लावायचं. क्ले का नाही असं एका बाबांनी विचारलं तर त्याचं उत्तर मला पटलं, क्ले हातात आली की मुलं अर्धा दिवस नाक-डोळे-टोपी करत बसतात आणि हलवायचं राहूनच जातं, काडीला नाकच नाही त्यामुळे हलवण्याशिवाय पर्याय नाही.

आणि इथेच त्यानं फाळक्यांची गोष्ट काढली, जी मला बडोद्यात अख्खा जन्म काढून माहिती नव्हती. दादासाहेब फाळके आपल्या इथल्या कलाभवनात शिकले हे ऐकून होते, ते सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० मध्ये सुरू झालेलं कलाभवन, जिथे आज युनिव्हर्सिटीचं इंजिनिअरिंग आहे आणि ज्याच्या समोरून आपण रोज हॉर्न वाजवत जातो. पण फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा लावून रोज थोडं थोडं चित्रण करत अंकुर वाढतानाची छोटी फिल्म केली आणि ती दाखवून पुढच्या सिनेमासाठी पैसे उभे केले, आणि नंतर १९१५ च्या सुमारास चक्क आगकाड्या हलवून एक फिल्म केली, 'आगकाड्यांची मौज' नावाची, हे मला नवीन होतं. दादा मुलांना म्हणाला, तुमच्या हातात जे आहे तेच त्यांच्या हातात होतं, फक्त त्यांच्याकडे चुकलेला फोटो डिलीट करायची सोय नव्हती. मुलं काड्यांकडे जरा आदरानं बघायला लागली हे मी स्वतः पाहिलं. वाटाण्याचा परिणाम मात्र माझ्या ओट्यावर झाला, तिथे आता एका वाटीत मूग आहेत, समोर फोनचा स्टँड आहे आणि ती वाटी कुणी हलवायची नाही अशी घरात सगळ्यांना तंबी आहे. कुकर बाजूच्या शेगडीवर लावायचा, तो पण शिट्टी न होता, असं चाललंय.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला. आता इथे ज्या गोष्टी शिकवल्या त्या घरी करणाऱ्यांनाही उपयोगी आहेत म्हणून नीट लिहिते. ॲप म्हणजे स्टॉप मोशन स्टुडिओ, त्याचं फ्री व्हर्जनच सगळ्यांना टाकायला लावलं आणि चार दिवस तेवढ्यात काम झालं. त्यात आधीच्या फोटोची फिकट छाया स्क्रीनवर दिसत राहते, तिला कांद्याची साल म्हणतात ते ऐकून मुलं खूप हसली, पण अख्खा खेळ त्या सालीवर आहे, आधी वस्तू कुठे होती आणि आता किती सरकवली हे समोरच दिसतं. फोन फ्लाइट मोडवर, नाहीतर मधेच आजीचा फोन येतो आणि शॉट गेला. फोनला हात लावून फोटो काढायचा नाही, वायरवाले इअरफोन लावून त्याच्या आवाजाच्या बटणानं काढायचा, म्हणजे स्टँड हलत नाही. घरात जुने इअरफोन पडलेले असतात ते कामाला आले.

आणि उजेड. फोन स्वतःची अक्कल लावून प्रत्येक फोटोला उजेड आणि रंग कमी-जास्त करत असतो, एकेक फोटो बघताना कळत नाही पण फिल्म चालवली की चित्र लुकलुक करतं, खराब ट्यूबलाइट लागल्यासारखं. म्हणून फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करून टाकायचे, खिडकीचे पडदे ओढायचे कारण सूर्य काही तुमच्यासाठी थांबत नाही, आणि टेबललॅम्पवर सगळं काढायचं. आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज होता की मुलांना गडद, साध्या रंगाचे कपडे घाला, मला वाटलं डाग पडतील म्हणून असेल. तसं नव्हतं, एका मुलानं लालभडक टीशर्ट घातला होता, तो सेटवर वाकला की पांढऱ्या कागदावर गुलाबी झाक यायची आणि मागे सरकला की जायची. दादानं ते मुद्दाम सगळ्यांना दाखवलं आणि मग त्या मुलाला स्वतःचा काळा शर्ट वरून घालायला दिला, गुडघ्यापर्यंत येत होता, पोरगा दिवसभर वकील होऊन फिरत होता.

जागेबद्दल. एका जुन्या वाड्याचा वरचा मजला आहे, मोठ्या खिडक्या, लाकडी जमीन, स्टेटसला टाकायला एक नंबर. पण स्टॉप मोशनला लाकडी जमीन म्हणजे शत्रूच. कुणी एक जण पाणी प्यायला उठला की फळ्या दबतात, स्टँड थरथरतो, आणि फिल्ममध्ये अख्खं जग उडी मारतं. त्यावर उपाय म्हणून सगळी टेबलं भिंतीला लावली आणि ज्याला फोटो काढायचा त्यानं "पुतळा!" ओरडायचं, मग जो जिथे असेल तिथे थिजायचं. चोवीस मुलं, सहा टेबलं, दर थोड्या वेळानं पुतळा. मुलांना जाम मजा आली, आम्हा बसलेल्या पालकांना मात्र चहाचा कप तोंडापाशी धरून बसावं लागत होतं. त्यात मे महिना. बडोद्याचं ऊन मी काय सांगणार. पंखा लावला की कागदाचे कटआउट उडतात, बंद केला की माणसं उकडतात आणि क्ले लोण्यासारखी होते, मान वळवायला गेलं की डोकंच हातात. शेवटी कूलर दाराबाहेर तोंड करून ठेवला, कटआउटवर काच आली आणि क्ले बर्फाच्या डब्यात. काच ठेवली की कागद सपाट राहतो हे खरंच चांगलं आहे, फक्त दिवा वरून मारला तर काचेत फोनच दिसतो, म्हणून दोन दिवे दोन बाजूंनी तिरके. हे सगळं त्या तीन-साडेतीन तासात मुलांसमोरच सुचत गेलं, आधी ठरवलेलं नव्हतं हे उघड दिसत होतं, पण मला त्याचा राग नाही आला, उलट मुलांना कळलं की असं अडतं आणि असं सोडवतात. तरी पण एसी असलेला एखादा हॉल घ्यावा, फी शंभर-दोनशे वाढली तरी आम्ही देऊ.

तिसऱ्या दिवशी गट पाडले, चार-चार मुलांचा एक. आणि इथून माझ्या तक्रारी सुरू.

चारजणांत एक फोन म्हणजे काय होतं तर जो मोठा आणि ज्याचा फोन तो राजा. आमच्या भाच्याच्या गटात भाचा राजा होता, त्यामुळे मी कुणाला बोलणार, पण मी समोर बघत होते की त्यातला एक लहानसा मुलगा दोन तास फक्त "पुतळा" ओरडत होता. पाळी ठरवून द्यायला काय हरकत होती, दर दहा फोटोंनी बदला, एक हलवेल, एक बटण दाबेल, एक मोजेल, एक दिवा सांभाळेल. मी हे दादाला मधल्या सुट्टीत सांगितलं, त्यानं मान हलवली, नंतर एकदा-दोनदा ओरडला पण आणि मग परत तेच. चोवीस मुलांना एक माणूस आणि एक मदतनीस मुलगी पुरत नाही. सोळाच घ्यावीत, नाहीतर अजून एक जण ठेवावा.

गोष्टी मात्र मुलांनी स्वतःच्याच केल्या, ह्याचे पूर्ण मार्क. दादानं एकच अट घातली, दहा ते पंधरा सेकंद, एकच जागा, आणि शेवटी काहीतरी बदललं पाहिजे. सुपरहिरो नको म्हटलं नव्हतं तरी कुणी केला नाही कारण पंधरा सेकंदात तो उडून काय करणार. एका गटानं उत्तरायणातला पतंग केला, कागदाचा, हातापायांसारखी त्याची शेपटी सुताच्या गाठींनी जोडलेली, तारेत अडकतो आणि मग कावळा येऊन चोचीनं सोडवतो. कावळ्याचं उडणं अगदी खरं, कारण पंख प्रत्येक फोटोत सारख्याच अंतरानं हलवायचे नाहीत हे त्यांना पहिल्या दिवसाच्या चेंडूवरून आठवलं होतं. दादा त्या वेळी इतका खूश झाला की स्वतःच ओरडला, ते बघून बरं वाटलं.

माझ्या मुलीच्या गटाची फिल्म म्हणजे सेव उसळ. बडोद्यात वाढलेली मुलं, दुसरं काय करणार. क्लेची डिश, क्लेचा रस्सा, क्लेचे वाटाणे एकेक करून उड्या मारत डिशमध्ये येतात, मग कांदा, आणि सगळ्यात शेवटी वरून शेव पडते. आता क्लेची शेव वळून वळून मुलींचे हात दुखले, म्हणून एकीच्या आईनं खालच्या फरसाणवाल्याकडून खरी शेव आणून दिली. छान दिसत होती, चिमट्यानं दोन-दोन काड्या टाकायच्या आणि फोटो. पण खरी शेव समोर असताना चार पोरी, साडेअकराची वेळ, पोटात काही नाही. फिल्म चालवली तेव्हा कळलं की शेवेचा डोंगर वाढत वाढत जातो आणि मधेच एकदम अर्धा होतो. कुणी खाल्ली ते शेवटपर्यंत बाहेर आलं नाही. दादानं परत शूट करायला लावलं नाही, तो म्हणाला तिथे एक तोंड आणा आणि खाऊ दे. मग त्यांनी कागदाची एक जीभ कापली, ती कडेनं येते, शेव ओढून नेते, आणि तीच फिल्मची सगळ्यात हशा पिकवणारी जागा झाली. चार दिवसांत मला जे शिकवणं दिसलं त्यातलं हे सगळ्यात भारी.

भाच्याच्या गटानं बुलेट ट्रेन केली. चौथ्या सेकंदाला ट्रेन इतकी जोरात जाते की दिसतच नाही, कारण एका फोटोत इथे आणि पुढच्या फोटोत तिकडे. ॲपमध्ये दोन मिनिटात होतं म्हणणारा मुलगा तासभर तीच ट्रेन अर्धा-अर्धा सेंटिमीटर सरकवत बसला होता, पट्टी लावून. मी काही बोलले नाही.

आवाजाला मात्र अगदीच सावत्र वागणूक. शेवटच्या दिवशी अर्धा तास, तो पण घाईत, आणि सहाही फिल्मना तेच एक तयार टुणटुण संगीत. अरे, पतंगाला फडफड पाहिजे ना, कागद माइकजवळ हलवला तरी झालं असतं, शेवेचा कुरकुर आवाज तर खायचीच होती तर रेकॉर्ड करून खायची. मुलांना तोंडानं आवाज काढायला किती आवडतं, ती अख्खी सकाळ त्यात गेली असती तरी कुणाची तक्रार नव्हती. त्याऐवजी शेवटच्या दिवशी दीड तास पालकांचा कार्यक्रम, प्रोजेक्टर लागेना, मग वायर आणायला कोण धावतंय, मग सर्टिफिकेटं, मग एका काकांचा प्रश्न की ह्याला पुढे स्कोप काय. दादानं शांतपणे सांगितलं की अहमदाबादला एनआयडीत, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये, ॲनिमेशनचा पूर्ण कोर्स आहे, ज्याला गोडी लागेल तो जाईल, पण तुमचा मुलगा आत्ता अकरा वर्षांचा आहे काका. टाळ्या पडल्या.

अजून एक खटकलं, ते सांगितलंच पाहिजे. मुलांच्या फिल्मवर कोपऱ्यात ह्याच्या क्लासचा लोगो, पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत. शेवटी पाटी टाका ना, मुलांची नावं पण टाका, सहा सेकंद घ्या. मुलांची नावं नव्हतीच. मी विचारल्यावर दुसऱ्या दिवशी बिनलोगोची फाइल पाठवली, म्हणजे माणूस वाईट नाही, पण मागितल्याशिवाय मिळत नाही. आणि मूळ फोटो ज्याच्या फोनमध्ये काढले त्याच्याकडेच राहतात, बाकीच्या तिघांना घरी काही पुढे करायचं असेल तर काहीच नसतं, तेव्हा त्याच दिवशी तिथेच बसून फोटो घेऊन टाका, नंतर कोण कुणाला पाठवतंय.

एवढे पैसे खर्च न करता घरीच करता येईल का, तर येईल, माझ्या नणंदेनं पण हेच विचारलं. फोनचा स्टँड, तो सुद्धा खाली बघणारा, म्हणजे फोन आडवा झोपवून टेबलाकडे तोंड करता येईल असा, मंगळ बजारात मी साडेतीनशेला घेतला, एक टेबललॅम्प, चिकटवायला डबल टेप आणि काडेपेटी. क्ले घेणार असाल तर तेलाची, न वाळणारी घ्या, हवेत वाळणारी रंगीत माती दिसायला गोड असते पण तिसऱ्या फोटोला तिला भेगा पडतात, कणकेचं पण तेच. उभा माणूस करायचा असेल तर आत पातळ ॲल्युमिनिअमची तार पिळून घाला, तांब्याची कडक पडते. पण ही सगळी यादी घरी आणून ठेवली तरी पहिल्या दिवशी फोन डब्यात टाकून पोरांना टिंबं काढायला लावणं हे आईच्यानं होत नाही, झालंच तर भांडण होतं, तिथे बाहेरचा दादाच लागतो. आणि शाळांनी हे मनावर घ्यावं असं फार वाटतं. आमच्या शाळेत ॲक्टिव्हिटीच्या तासाला अजून कापूस चिकटवून ससा करतात, त्याच तासात काड्यांचा माणूस चालवता येईल, एक फोन, एक स्टँड आणि पन्नास काड्या, खर्च तो किती.

दोघांचं आता काय चाललंय तर भाचा पुण्याला परत गेला आणि तिथून रोज स्वतःच्या बुटांच्या फिल्म पाठवतो, बूट दारातून एकटे बाहेर जातात वगैरे, खरंच चांगल्या झाल्यात, फक्त उजेड लॉक करायचा अजून कंटाळा. इकडे कन्येची मैत्रिणींबरोबर गणपतीची काहीतरी योजना शिजतेय, मोदक स्वतःच्या स्वतः वळले जातात असं, त्यासाठी माझं किसणीपासून सगळं सामान आत्तापासून बुक केलंय.

पुढची बॅच दिवाळीच्या सुट्टीत घेणार म्हणाला, तेव्हा क्ले तरी वितळणार नाही. फी भरायच्या आधी दोन गोष्टी विचारा, मुलं किती घेणार आणि आवाजाला किती वेळ देणार, आपण सगळ्यांनी विचारलं की तोही बदलेल. मुलाला पोटभर नाश्ता देऊन पाठवा, कारण काय ते वर लिहिलंय. स्वतःचा स्टँड असेल तर द्या, तिथले दोन स्टँड मान टाकणारे आहेत. आणि चारचाकी अजिबात नेऊ नका, नऊला जागा मिळाली तरी साडेबाराला बाहेर काढताना देव आठवतो, रिक्षा करा नाहीतर सूरसागरपाशी उतरून चालत जा.